लाव्हाच्या थरांवरून : नागपूर ते दापोली अभ्यास दौरा



कुणी जावा-बालीची सहल करून आले की चार दिवस गावात त्याचीच चर्चा असते. तिकडे डोंगर टोकापर्यंत हिरवे, भाताची खाचरे पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, आणि गाइडने सांगितलेले एक वाक्य हमखास ऐकू येते : "ही ज्वालामुखीची जमीन आहे, म्हणून इतकी सुपीक." ऐकणारा हळहळतो की आपल्याकडे असे काही नाही. वास्तविक काटोल, कळमेश्वर, नरखेड किंवा सावनेरच्या ज्या काळ्या रानात आपण संत्रा, कपाशी, सोयाबीन घेतो ते ज्वालामुखीचेच रान आहे. फरक एवढाच की आपला ज्वालामुखी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थंड झाला.

हा लेख आपल्याच लाव्हाच्या मुलखातून गटाने करावयाच्या छोट्या दौऱ्याविषयी आहे. नागपुरातून निघून पूर्णा खोरे, लोणार, वेरूळ, वाई, महाबळेश्वर व दापोली असा सहा-सात दिवसांचा हा मार्ग. एका बसमध्ये मावतील इतके, म्हणजे २५ ते ३० शेतकरी असावेत. त्याहून मोठा गट असला की मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि शिवारफेरीची जत्रा होते. "आत्मा" योजनेतून राज्यांतर्गत अभ्यास दौऱ्यांना साहाय्य मिळते. त्याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात आधी करावी.

दौरे पुष्कळ निघतात. परतताना बसच्या टपावर हापूसची कलमे, डिकीत स्ट्रॉबेरीची रोपे आणि खिशात फोटो असतात. पुढे काय होते? कलमे भारी काळ्या जमिनीत लावली जातात, दोन पावसाळे तग धरतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात मुळे कुजून वाळतात. मग दोष रोपवाटिकेवर जातो. दोष बहुधा पाहण्याच्या रीतीत असतो. आपण पीक पाहतो, पिकाखालची जमीन पाहत नाही. या दौऱ्यात प्रत्येक थांब्यावर आधी जमीन, मग पाऊस, आणि शेवटी पीक असा क्रम ठेवावा.

निघण्यापूर्वी अर्धा दिवस नागपुरातच

महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट हा काळा पाषाण आहे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा वर येऊन पसरला, थंड झाला, पुन्हा त्यावर नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसले. सह्याद्रीत ही रास दीड किलोमीटरहून अधिक जाड आहे. पूर्वेकडे ती पातळ होत जाते आणि तिची पूर्वेची कड आपल्या नागपूरजवळ येते. सीताबर्डीचा किल्ला आणि सेमिनरी हिल्स बेसाल्टवर उभे आहेत. रामटेक-पारशिवनीकडचे खडक मात्र या लाव्हाहून कितीतरी जुने व वेगळे. म्हणूनच एकाच जिल्ह्यात पश्चिमेला संत्रा-कपाशी आणि पूर्वेला, मौदा-रामटेककडे, भाताची बांधी दिसते. सिंचनाचा आणि पावसाचाही त्यात वाटा आहे, पण पाया खडकाचा आहे.

अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही संस्था आहेत. आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या फाटकावरून शेकडो वेळा ये-जा केली असेल. आधी पत्र देऊन वेळ ठरवावी व दौऱ्याची सुरुवात तेथून करावी. मातीचा उभा छेद एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढचे सहा दिवस नजर आपोआप जमिनीकडे वळते.

सोबत घ्यावयाचे सामान फार नाही : एक खुरपी, पाण्याची बाटली, मोजपट्टी, सामू तपासण्याचा कागद, वही आणि गटप्रमुखाकडे प्रयोगशाळेतून आणलेली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची लहान ठिबकबाटली. आम्ल ज्याला हाताळता येते त्यानेच हाताळावे. मातीवर दोन थेंब टाकताच फेस आला तर त्या मातीत चुनखडी आहे. जितका जोरात फेस, तितकी चुनखडी जास्त. दुसरी परीक्षा हाताची. मूठभर ओली माती मळून सुतळीएवढी वात करावी. वात न तुटता बोटाभोवती गुंडाळता आली तर जमीन भारी चिकण समजावी. होताहोताच तुटली तर मध्यम. वातच होत नसेल तर हलकी. या दोन परीक्षा प्रत्येक मुक्कामी कराव्यात व वहीत लिहाव्यात. पहिली नोंद आपल्या स्वतःच्या शेतातील मातीची असावी, म्हणजे तुलना करता येते.

पूर्णेचे खोरे आणि लोणार

अमरावती सोडून अकोल्याकडे जाताना पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. येथली जमीन खोल, काळी, दिसायला आपल्यापेक्षाही देखणी. पण विहिरीचे पाणी खारट आणि जमिनीतून निचरा अतिशय मंद. पाणी पिकाला द्यावे तर जमीन बिघडते, न द्यावे तर एकाच पावसाळी पिकावर भागवावे लागते. बसमधून खाली उतरून एका शेतकऱ्याशी अर्धा तास बोलावे. "काळी म्हणजे चांगली" हा आपला जुना समज येथे तपासून पाहता येतो.

तेथून लोणारला मुक्काम करावा. लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे मुख आहे असे अजूनही काही जण सांगतात. ते चूक आहे. बेसाल्टच्या थरांवर अवकाशातून उल्का आदळून हा खड्डा तयार झाला. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. शेतकऱ्याने येथे पाहावयाचे ते पाणी. कडेच्या झऱ्याचे पाणी गोडे आहे आणि सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी. कारण साधे आहे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. सूर्य पाणी नेतो आणि क्षार मागे ठेवतो. बंद बशीसारख्या सखल शेतात वर्षानुवर्षे ओलीत केले आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही तर लहान प्रमाणात हेच घडते. फेस येणारी पांढुरकी माती आणि शिरा हिरव्या राहून पिवळी पडलेली संत्र्याची पाने ही बऱ्याचदा एकाच शेतात दिसतात. चुनखडीमुळे जमिनीत असलेले लोह व जस्तसुद्धा झाडाला मिळेनासे होते.

वेरूळचा खडक आणि आपली विहीर

छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळला कैलास लेणे पाहताना मूर्तींबरोबर भिंतीचा दगडही पाहावा. आठव्या शतकात हा डोंगर वरून खाली कोरत आणला, त्यामुळे लाव्हाच्या थरांचा छेद येथे आयता मिळतो. काही थर घट्ट व एकजीव, तर काही जाळीदार. लाव्हातील वायूंचे बुडबुडे राहिले तेथे पोकळ्या, आणि त्यांत मागाहून भरलेले पांढरे, हिरवट खडे. गारगोटी म्हणून आपण जे उचलतो त्यांपैकी बरेच झिओलाइट वर्गातील असतात.

याचा शेतीशी संबंध विहिरीपाशी येतो. घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी साठत नाही. ते भेगांत, झिजलेल्या जाळीदार थरात आणि दोन थरांच्या सांध्यात राहते. म्हणून एका विहिरीला पाणी लागते आणि शंभर फुटांवरची कोरडी जाते. साठाही थोडाच असतो. वरुड, मोर्शी, नरखेड, काटोल या संत्रा पट्ट्यात विंधनविहिरी खोल खोल नेण्याची स्पर्धा लागली, पण खडकाची पाणी धरण्याची ताकद खोलीबरोबर वाढत नाही. उलट भेगा कमी होत जातात. वेरूळच्या भिंतीसमोर उभे राहून हे समजावून सांगितले तर वर्गात तासभर बोलण्यापेक्षा लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

पुढचा अहिल्यानगर-पुणे मार्गाचा प्रवास लांबचा आहे. तो झोपून काढला तरी चालेल. झोप महाबळेश्वरसाठी राखून ठेवलेली बरी, कारण दौऱ्याचा गाभा तेथे आहे.

वाई ते महाबळेश्वर : तीस-बत्तीस किलोमीटरची शाळा

वाईला सकाळी लवकर निघावे व वर जाताना तीन ठिकाणी थांबावे. वाईला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत. पाचगणीला तो जवळजवळ दुप्पट होतो आणि महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. खडक तिन्ही ठिकाणी तोच आहे, काळा बेसाल्ट. पण वाईच्या खोऱ्यात माती काळी व मध्यम खोल, पाचगणीच्या पठारावर जांभ्याचे टोपण, आणि महाबळेश्वरला माती विटेसारखी लाल.

हे कसे झाले? बेसाल्ट झिजला की त्यातून चुना, मॅग्नेशियम, सिलिका व लोह मोकळे होतात. पाऊस बेताचा असेल आणि पाणी साचून राहत असेल तर चुना व सिलिका जागेवरच राहतात आणि त्यांपासून फुगणारी, आकसणारी चिकणमाती बनते. तीच आपली उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. पाऊस प्रचंड असेल व उतार असेल तर चुना आणि सिलिका धुऊन जातात, मागे लोह व ॲल्युमिनियमची संयुगे राहतात. लोहाच्या गंजाने माती लाल होते. ही लाल माती फुगत नाही, तिच्यात भेगा पडत नाहीत, पाणी तिच्यातून सरसर खाली जाते आणि तिचा सामू आम्लधर्मी असतो. काळ्या जमिनीत दिलेले स्फुरद चुन्याशी बांधले जाते, तर लाल जमिनीत ते लोह-ॲल्युमिनियमशी बांधले जाते. दोन्हीकडे शेतकऱ्याची तक्रार एकच, "खत दिले पण लागू पडले नाही", आणि उपाय मात्र वेगवेगळे. तेथल्या शेतकऱ्याने सांगितलेली खताची मात्रा वहीत उतरवून आणून कळमेश्वरात वापरण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आता पीक पाहावे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सुमारे १,३५० मीटर उंचीची थंड हवा, आम्लधर्मी लाल माती आणि उत्तम निचरा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती तेथे पिकते. लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात उंच गादीवाफ्यावर, ठिबक आणि प्लॅस्टिकचे आच्छादन घालून. विदर्भात ज्याला स्ट्रॉबेरीच पाहायची असेल त्याने चिखलदऱ्याला जावे. तेथे उंची आहे, थंडी आहे. कोंढाळीच्या काळ्या रानात ती हौस म्हणून करावी, कर्ज काढून करू नये.

परंतु गादीवाफा मात्र जरूर पाहावा. इतक्या निचऱ्याच्या जमिनीतही तो शेतकरी रोप उंचावर लावतो आणि आपण, ज्यांच्या जमिनीत श्रावणात पाय रुतून बसतो, संत्र्याचे कलम सपाट जमिनीत, कधी कधी तर खोलगट आळ्यात लावतो. बुंध्याशी पाणी साचते, पायकूज व मूळकूज लागते, खोडातून डिंक गळू लागतो. आठ-दहा वर्षे पोसलेली बाग भर बहारात वाळताना पाहणे काय असते हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. महाबळेश्वरहून आणावयाची वस्तू स्ट्रॉबेरीचे रोप नव्हे, वाफ्याची उंची आहे.

आंबेनळी घाट उतरून दापोली

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. दोन काळ्या थरांमध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात झिजलेली ती माती वरच्या उष्ण लाव्हाने भाजली गेली. गाडी सुरक्षित जागा पाहूनच थांबवावी. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हा मार्ग धरू नये. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम : डोंगर अजून हिरवे, कोकणात भात कापणीला आलेले, स्ट्रॉबेरीची लागवड सुरू आणि आपल्याकडे आंबिया बहाराची तोडणी अजून भरात आलेली नसते.

दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई असते, हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना आश्चर्य वाटते. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही आणि उतारावरून ते तासाभरात खाडीला मिळते. हिरवा डोंगर पाहून पाण्याची चैन आहे असे समजू नये.

या अडचणीवर विद्यापीठाने दिलेला एक उपाय आपल्या कामाचा आहे : कोकण जलकुंड. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा घेऊन त्यात प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरतात. त्यात ४,००० लिटर पाणी मावते. दहा नव्या कलमांना आठवड्याला प्रत्येकी १० लिटर दिले तर आठवड्याला १०० लिटर लागतात. पावसाळा संपल्यापासून पुढचे ३५ आठवडे धरले तरी ३,५०० लिटर. नागपूरला सरासरी ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे चार चौरस मीटरच्या तोंडात थेट पडणारे पाणीच ४,४०० लिटर होते. पण दोन बदल करावे लागतील. आपल्याकडे उन्हाळा कडक, त्यामुळे वर तुराट्या-पऱ्हाट्यांचा किंवा गवताचा जाड मांडव घालून बाष्पीभवन रोखलेच पाहिजे, नाहीतर मार्चमध्ये कुंड कोरडे. आणि हे कुंड भारी काळ्या जमिनीत घेऊ नये. जमीन आकसली की कडा ढासळतात व कागद फाटतो. बरड, मुरमाड उतारावर, जेथे सीताफळ, आवळा किंवा केसर आंब्याची कोरडवाहू लागवड करावयाची आहे, तेथे ते बसते.

विद्यापीठाच्या बागेत रत्ना व सिंधू या आंब्याच्या संकरित जाती आणि वेंगुर्ला काजूच्या जाती पाहायला मिळतील. पाहाव्यात, चाखाव्यात. हापूसला समुद्रकाठची दमट हवा व निचऱ्याची जमीन मानवते. विदर्भासाठी केसर, दशहरी, लंगडा या जाती धराव्यात व कलमे आपल्या विद्यापीठाच्या किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतून घ्यावीत. दुसऱ्या भागातून मातीसकट आणलेल्या कलमांबरोबर सूत्रकृमी व मूळकुजीची बुरशी फुकट येते. मातीचे नमुनेही सोबत आणू नयेत. वहीतली नोंद पुरे.

भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची कोकणातली पद्धतही कानावर येईल. पालापाचोळा जाळण्याची ती रीत आपण उचलण्यासारखी नाही. जाळण्यासारखा पालापाचोळा आपल्याकडे आधीच कमी आहे.

मुक्कामी रात्री जेवणानंतर तासभर बसून प्रत्येकाने दिवसाची नोंद वाचून दाखवावी. येथेच जावा-बालीचा विषय पुन्हा निघतो, आणि निघू द्यावा. जावा बेटावर मेरापीसारखे जागते ज्वालामुखी आहेत. २०१० मध्ये मेरापीचा मोठा उद्रेक झाला, माणसे दगावली. ती राख संकट आणते आणि कालांतराने जमिनीला नवी खनिजेही देते. आपल्या देशात जागता ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर तेवढा आहे. दख्खनचा लाव्हा कायमचा निजला. आपल्या रानात वरून नवी राख पडणार नाही. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि धुऱ्याला खिंडार पडले तर ती एका पावसात नाल्याला लागते. उताराला आडवी पेरणी, धुऱ्यावर गवत आणि शेतातला काडीकचरा शेतातच कुजवणे, एवढ्याच वाटा आपल्या हातात आहेत.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात

ज्या शेतात नवी संत्रा लागवड करावयाची आहे त्यात एक मीटर खोल खड्डा घ्यावा. एका बाजूची भिंत खुरपीने साफ करून वरपासून खालपर्यंत पाहावी. दर ३० सेंटिमीटरवर ओली वात करून पाहावी आणि आम्लाचे थेंब टाकावेत. मीटरभर मातीखाली पाझरणारा मुरूम लागला तर जमीन संत्र्याला चांगली. खाली पांढऱ्या खड्यांचा थर लागून जोरात फेस आला तर प्रयोगशाळेत मुक्त चुन्याचे प्रमाण तपासून घ्यावे. ते १० टक्क्यांच्या वर असेल तर तेथे संत्रा लावू नये, मग शेजाऱ्याची बाग कितीही बहरलेली असो. सामू ६.५ ते ७.५ असल्यास उत्तम.

त्याच खड्ड्यात पाणी भरावे. ते मुरल्यावर पुन्हा भरावे आणि दुसऱ्या भरणीचे पाणी मोजपट्टीने दर तासाला मोजावे. पाणी तासागणिक ठळकपणे उतरत असेल तर निचरा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच उभे दिसले तर त्या शेतात लागवड उंच वरंब्यावर करावी, दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने चर काढून तो शेताबाहेर नाल्यापर्यंत न्यावा आणि खुंट निवडताना जंबेरीऐवजी रंगपूर लिंबूचा विचार करावा. चर शेताच्या मध्येच सोडून देऊ नये.

खड्ड्याची नोंद दौऱ्याच्या वहीतच, दापोलीच्या नोंदीनंतरच्या पानावर लिहावी, आणि लागवडीपूर्वी ती वही घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या कृषी महाविद्यालयात यावे.